वाघोलीत घर: सहा वर्षे राहून लिहिलेला अभिप्राय

पुण्याच्या पूर्वेला नगर रस्त्याने खराडी मागे टाकली की वाघोली लागते. तेथे २०१९ च्या डिसेंबरात आम्ही एक टू बीएचके सदनिका विकत घेतली आणि तेव्हापासून मी, माझे पती, मुलगा आणि वर्षातील काही महिने सासूबाई असे आम्ही तेथे राहत आहोत. पतींचे कार्यालय खराडीत आहे आणि मी शिवाजीनगरच्या एका महाविद्यालयात शिकवते. आमच्या घरातील बहुतेक वादांचे मूळ या एका वाक्यात आहे. हा अभिप्राय एखाद्या गृहप्रकल्पाचा नाही. प्रकल्प चांगले-वाईट दोन्ही प्रकारचे असतात आणि त्यांची माहिती काढणे तुलनेने सोपे असते. ज्या ठिकाणी प्रत्येक कामासाठी गाडी काढावी लागते, अशा ठिकाणी राहण्याची खरी किंमत किती, हे मात्र विक्री कार्यालयात कोणी सांगत नाही आणि घेणाऱ्यालाही ते विचारायचे सुचत नाही. आम्हालाही सुचले नव्हते.

वाघोली हे हवेली तालुक्यातील जुने गाव. वाघेश्वराचे मंदिर, त्याजवळचे तळे आणि बाजीराव पेशव्यांच्या काळातील सरदार पिलाजी जाधवराव यांची समाधी ही त्याची जुनी ओळख. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत जी २३ गावे समाविष्ट झाली, त्यांत वाघोलीही होती. त्याआधी येथे ग्रामपंचायत होती आणि २०१५ पासून मोठ्या बांधकामांच्या परवानग्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे होत्या. हा प्रशासकीय इतिहास कंटाळवाणा वाटेल, पण घर घेणाऱ्याने तो लक्षात ठेवावा, कारण त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो: इमारती शहराच्या मापाने उभ्या राहिल्या आणि रस्ते, गटारे व पाणी बराच काळ गावाच्याच मापाचे राहिले. आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेरचा रस्ता जेथे संपतो, तेथे अजूनही एका बाजूला चौदा मजली इमारत आणि दुसऱ्या बाजूला ज्वारीचे शेत आहे. जानेवारीत ते दृश्य सुंदर दिसते. जुलैमध्ये त्याच शेतातील पाणी रस्त्यावर येते.

घराबद्दल मात्र आमची तक्रार नाही. रेरा या गृहखरेदीविषयक कायद्याच्या मोजणीनुसार ६९० चौरस फूट कार्पेट क्षेत्र (म्हणजे घराच्या आतील वापरता येणारी जागा), दोन्ही खोल्यांना खिडक्या, स्वयंपाकघराला लागून कपडे वाळत घालण्याइतकी कोरडी बाल्कनी आणि खाली मुलांना खेळायला मोकळी जागा हे सर्व आम्हाला ४६ लाखांत मिळाले. त्या वेळी खराडीत जवळजवळ तशाच घराला ७१ लाख सांगत होते. शेजार उत्तम लाभला. गणपतीत, दिवाळीत आणि कोणाच्या घरी आजारपण आले असता तो उपयोगी पडतो. विदर्भातून, मराठवाड्यातून आणि नगर जिल्ह्यातून आलेली तरुण कुटुंबे येथे बरीच आहेत, त्यामुळे कोणी कोणाला परके मानत नाही. रविवारी सकाळी लवकर निघाल्यास तुळापूरला भीमा-इंद्रायणीच्या संगमावर जाऊन नाश्त्याच्या वेळेला परत येता येते. पेठेत राहणाऱ्याला हे सुख नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता रस्ता. वाघोलीहून शहरात जाण्यासाठी नकाशावर तीन-चार वाटा दिसतात, प्रत्यक्षात सगळा भार एकट्या नगर रस्त्यावर येतो. लोहगावाकडून जाणारा रस्ता आहे, आव्हाळवाडीकडून मांजरी खुर्दमार्गे खराडीत उतरता येते. पण त्या वाटा अरुंद आहेत आणि मुख्य रस्ता तुंबला की सर्वांना त्यांची आठवण एकाच वेळी होते. नगर रस्ता हा राज्याच्या मोठ्या भागाला पुण्याशी जोडणारा महामार्ग आहे. छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगरकडून येणाऱ्या एसटी आणि खासगी बस, रांजणगाव, सणसवाडी व शिक्रापूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कंपनीच्या बस, कंटेनर, बकोरी-भावडी भागातील खडी क्रशरचे डंपर आणि सोसायट्यांसाठी पाणी आणणारे टँकर हे सर्व त्याच रस्त्यावर असतात, आणि त्यांच्यामधून दुचाकीवर मागे मुलाला बसवून शाळेत सोडणारे आईबापही तेथेच असतात. म्हणजे आपल्या वसाहतीचा दारासमोरचा रस्ता आणि प्रांताचा महामार्ग हे एकच आहेत. वाघोलीच्या वाहतुकीची अडचण अंतराची नाही, ती या एकपणाची आहे. एखादा ट्रक वाघोलीतल्याच केसनंद फाट्यावर बंद पडला तर पर्याय नसतो.

माझ्या महाविद्यालयापर्यंत घरापासून १८ किलोमीटर होतात. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गाडी काढली तर मी पन्नास मिनिटांत पोहोचते. सव्वाआठला काढली तर सव्वा तास धरावा लागतो आणि पाऊस असेल तर दीड. उबाळेनगरपासून खराडी बायपासच्या चौकापर्यंतचा तुकडा हा या प्रवासातील निर्णायक भाग आहे, तो पार झाला की मी घरी ‘सुटले’ एवढाच संदेश पाठवते. संध्याकाळचा अंदाज बांधणे मी सोडून दिले आहे. दरवर्षी १ जानेवारीला पेरणे येथील विजयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी लाखो लोक येतात आणि त्या काळात नगर रस्त्यावरील वाहतूक वळवली जाते. तो दिवस आधी माहीत असतो, म्हणून त्याचे काही वाटत नाही. त्रास होतो तो कोणत्याही साध्या मंगळवारी, काहीही कारण न कळता, चाळीस मिनिटे एकाच ठिकाणी उभे राहण्याचा.

आम्ही घर घेतले तेव्हा आमच्याकडे एक गाडी आणि एक स्कूटर होती. वर्षभर मी स्कूटरने गेले. डंपरच्या मागच्या चाकाशेजारून रोज जाण्याची हिंमत एका पावसाळ्यात संपली आणि आम्ही दुसरी गाडी घेतली. येथे मला घर पाहणाऱ्या प्रत्येकाला एक हिशेब करून दाखवावासा वाटतो, कारण तो आम्ही स्वतः पाच वर्षे उशिरा केला.

खराडी आणि वाघोली यांच्या किमतीतील फरक २५ लाखांचा होता. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता लाखामागे सुमारे ८६८ रुपये पडतो. म्हणजे ते २५ लाख कर्जाऊ घेतले असते, तर महिन्याला २१,७०० रुपये जादा भरावे लागले असते. आता दुसऱ्या गाडीकडे पाहू. तिच्यासाठी साडेसहा लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले, त्याचा हप्ता साडेतेरा हजार. रोजचे जाऊन-येऊन ३६ किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस, शहरातील गर्दीत लिटरला १४ किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले, तर इंधनाचे साधारण ६,४०० रुपये. विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि खड्ड्यांनी केलेली सस्पेन्शनची दुर्दशा यांचे सरासरी अडीच हजार. बेरीज २२,४०० रुपये. थोडक्यात, पहिली पाच वर्षे आम्ही वाचवलेला घराचा हप्ता दर महिन्याला पूर्णपणे गाडीत भरत होतो आणि तरीही ‘आपण स्वस्तात घर घेतले’ असे नातेवाइकांना सांगत होतो.

हिशेब प्रामाणिकपणे करायचा, तर गाडीचा हप्ता पाच वर्षांनी संपतो, हे मान्य केले पाहिजे. गाडी दहा वर्षे चालवली आणि मग पुन्हा कर्जाने दुसरी घेतली असे धरले, तर वीस वर्षांचा मासिक सरासरी खर्च सुमारे १५,६०० रुपयांवर येतो. खराडीत राहूनही मला रिक्षा आणि बसचे दोन-तीन हजार लागलेच असते, तेही वजा करू. तरीसुद्धा उरलेल्या रकमेत १५ लाखांच्या आसपास गृहकर्ज फिटले असते. म्हणजे २५ लाखांच्या बचतीतील खरी बचत १० लाख. ती छोटी रक्कम नाही, ती आमच्या गरजेच्या वेळी उपयोगी पडली, आणि ज्यांच्याकडे जादा कर्ज मिळण्याइतका पगारच नाही त्यांच्यापुढे हा पर्याय नसतो, हेही खरे आहे. मात्र या १० लाखांसाठी मी रोज एक तास जास्तीचा रस्त्यावर घालवते. सुट्ट्या वगळून वर्षाचे अडीचशेहून अधिक तास होतात. त्यांची किंमत प्रत्येकाने आपापली लावावी.

एवढ्यावर हा अभिप्राय संपवला असता, तर तो गाडी चालवणाऱ्यांचा अभिप्राय झाला असता. सहा वर्षांत माझे मत ज्यांच्यामुळे बदलले, त्यांना गाडी चालवता येत नाही. सासूबाई आता ७४ वर्षांच्या आहेत. त्यांचे सारे आयुष्य नारायण पेठेत गेले. सकाळी मोदी गणपतीला जाणे, येताना कोपऱ्यावरून फुले आणि दूध आणणे, दोन दिवसांआड मंडईत जाऊन भाजी निवडून घेणे, बँकेत पासबुक भरून आणणे ही सर्व कामे त्या पायी आणि एकट्या करत आल्या. वाघोलीला आमच्याकडे राहायला आल्यावर त्यांना यांपैकी एकही काम एकटीने करता येईना. आमच्या फाटकापासून मुख्य रस्ता १४०० मीटरवर आहे. या १४०० मीटरमध्ये सलग पदपथ नाही. जेथे आहे तेथे वाळूचा ढीग, रोहित्र किंवा उभी केलेली मोटारसायकल असते. ॲपवरून बोलावलेली रिक्षा ‘आत येत नाही’ म्हणून परत जाते, कारण एवढ्या आतून परतीचे भाडे मिळत नाही. भाजीवाला फाटकावर येतो आणि किराणा फोन केल्यावर घरी येतो, त्यामुळे खायचे-प्यायचे काही अडत नाही. अडते ते बाहेर पडण्याचे.

पेन्शन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. मोबाइलवरूनही तो देता येतो, पण सासूबाईंना बँकेत जाऊन, सही करून, तिथल्या ओळखीच्या चार माणसांशी बोलून तो द्यायचा असतो. एका वर्षी त्या नोव्हेंबरात आमच्याकडे होत्या. आम्हा दोघांनाही कामाच्या दिवशी सुट्टी मिळण्यासारखी नव्हती, म्हणून शनिवारी नेतो असे ठरवले. पहिल्या शनिवारी पतींची अचानक बैठक निघाली. दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी. तिसऱ्या शनिवारी आम्ही निघालो आणि पोहोचेपर्यंत कामकाजाची वेळ संपत आली होती. तीन आठवडे त्या दर शनिवारी सकाळी इरकली नेसून, पासबुक आणि आधार कार्ड असलेली कापडी पिशवी मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेवर बसत. त्या रागावल्या नाहीत. परत येताना एवढेच म्हणाल्या, ‘‘तिकडे मी कुणाला न विचारता घराबाहेर पडते.’’ आम्ही घर घेतले तेव्हा त्यांच्यासाठी खास वेगळी खोली, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय आणि दोन लिफ्ट पाहिल्या होत्या. फाटकाबाहेर त्या पायी कोठे जाणार, हे आम्ही कोणी पाहिले नव्हते.

मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. लहान वयात वाघोली मुलांना मानवते, कारण फाटकाच्या आत गाड्यांपासून सुरक्षित अशी मोठी जागा असते आणि दहा-वीस सवंगडी असतात. ती तेरा-चौदा वर्षांची झाली की तेच फाटक त्यांना अपुरे पडू लागते. माझ्या मुलाची शाळेची बस सकाळी ६:४० ला येते. शिकवणी, तबला आणि मित्राचा वाढदिवस या प्रत्येकासाठी आम्हा दोघांपैकी एकाला चालक व्हावे लागते. त्याच्या वयाची असताना मी सायकलवर सदाशिव पेठेतून डेक्कनला एकटी जात असे; त्याची सायकल सोसायटीच्या आवारातच गोल-गोल फिरून जुनी झाली.

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी केसनंद रस्त्याच्या बाजूने येतात आणि त्यांना महामार्ग ओलांडावा लागतो. एकदा मी सिग्नलला गाडीत थांबले असताना त्यांना पाहिले. दुभाजकाच्या फुटलेल्या भागात, पदर कमरेला खोचून, एका हाताने दुसऱ्या बाईचे मनगट धरून त्या उभ्या होत्या, आणि समोरून दोन डंपर एकमेकांना मागे टाकत येत होते. गाड्यांसाठी सिग्नल हिरवा झाला तेव्हाही त्या दोघी तेथेच उभ्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये याच केसनंद फाट्याजवळ मध्यरात्री एका डंपरने पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडले. दोन लहान मुलांसह तिघांचा जीव गेला. अशा घटनेनंतर काही दिवस बंदोबस्त वाढतो. मावशी मात्र पूर्वीप्रमाणेच रस्ता ओलांडतात. दर वर्षी पगार ठरवताना त्या शेअर रिक्षाचे रोजचे ४० रुपये वेगळे मागतात, आणि ते रास्तच आहे.

पाण्याचा विषय वाहतुकीपासून वेगळा वाटतो, पण वाघोलीत तोही चाकांवरच येतो. आमच्या सोसायटीत १८० सदनिका आहेत. घरटी चार माणसे आणि माणशी १३५ लिटर हे प्रचलित माप धरले, तर दिवसाला सुमारे ९७ हजार लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरचे जवळजवळ दहा टँकर. त्यातील काही भाग बोअरवेल आणि नळ भागवतात, उरलेले सरासरी सहा टँकर रोज विकत घ्यावे लागतात. हिवाळ्यात टँकर हजार-बाराशेला मिळतो, एप्रिल-मेमध्ये आम्ही दोन हजारांपर्यंत मोजले आहेत. कमी दराने धरले तरी घरटी महिना हजार ते बाराशे रुपये मेंटेनन्सच्या पावतीत केवळ पाण्याचे असतात. पहाटे साडेपाचला पहिला टँकर मागे घेताना त्याची पीं-पीं सुरू होते, मग जाडजूड पाइप भूमिगत टाकीत सोडला जातो आणि आमचा सुरक्षारक्षक खिशातून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजण्याची पेनासारखी कांडी काढून ग्लासभर पाण्यात बुडवतो. आकडा फार मोठा आला तर तो टँकर परत पाठवावा असा सोसायटीचा ठराव आहे. मे महिन्यात तो ठराव कोणाला आठवत नाही. पाणी जड असल्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो आणि दर दीड वर्षाने ती बदलावी लागते.

धुळीबद्दल फार लिहीत नाही. क्रशरकडून वारा आला की तुळशीची पाने पिठाचा हात लागल्यासारखी दिसतात. कोणाला दमा असेल, तर बकोरीच्या बाजूचे घर घेऊ नये.

आता मेट्रो, कारण वाघोलीतील प्रत्येक जाहिरातीत आज तीच आहे. वनाझ ते रामवाडी या मार्गिकेचा रामवाडीपर्यंतचा टप्पा ६ मार्च २०२४ रोजी सुरू झाला. पुढे रामवाडीपासून वाघोलीतील विठ्ठलवाडीपर्यंत आणि दुसऱ्या टोकाला वनाझपासून चांदणी चौकापर्यंत अशा दोन विस्तारांना केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ जून २०२५ रोजी मंजुरी दिली. दोन्ही मिळून १२.७५ किलोमीटर, १३ स्थानके, ३,६२६ कोटींहून अधिक खर्च आणि चार वर्षांची मुदत असा तो निर्णय आहे. ही अफवा नाही, मंजूर प्रकल्प आहे. आणि तो झाला तर वरच्या हिशेबातील दुसरी गाडी पूर्णपणे निघून जाईल, हेही मी मान्य करते. तथापि, घर घेणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मेट्रोचे खांब उभे राहणार ते याच एकमेव रस्त्यावर, त्यामुळे मेट्रोचे सुख मिळण्याआधी तिच्या बांधकामाचे पत्रे आणि क्रेन यांच्यासोबत काही वर्षे काढावी लागतील. दुसरे असे की, विक्रेता आजच मेट्रोची किंमत लावून घर विकत आहे. जी सोय चार वर्षांनी मिळायची, तिचे पैसे आज पूर्ण देऊ नयेत. स्थानकापासून पायी दहा मिनिटांत घर असेल, तरच त्या सोयीला काही मोल द्यावे. अडीच किलोमीटर आतल्या घराला स्थानकापर्यंत पुन्हा रिक्षाच शोधावी लागेल, आणि ती ‘आत येत नाही’, हे मी वर सांगितलेच आहे.

गेले वर्षभर मी आठवड्यातून तीन दिवस गाडी घरी ठेवून बस आणि मेट्रोने जाते. रामवाडीहून शिवाजी­नगरजवळच्या सिव्हिल कोर्ट स्थानकापर्यंत वीसेक मिनिटे लागतात. डबा थंड, स्वच्छ आणि वाचायला निवांत असतो. रामवाडीपर्यंतच्या अंदाजे नऊ किलोमीटरला मात्र बसने पस्तीस ते पन्नास मिनिटे लागतात. दोन्ही अंतरे जवळजवळ सारखीच आहेत. एका प्रवासातच दोन्ही अनुभवल्यावर, घर मेट्रोच्या कोणत्या बाजूला आहे याला किती महत्त्व असते ते समजते.

घेण्याचे ठरलेच असेल, तर कागदपत्रांबाबत थोडे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशे आणि पूर्णत्वाची तारीख पाहावी, हे आता सर्वांना ठाऊक आहे. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण होऊन राहण्यास परवानगी असल्याचा दाखला) मिळालेले घर घेतल्यास जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्यांवर १ टक्का लागतो. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के आहे आणि खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असेल तर एक टक्क्याची सवलत मिळते. या गोष्टी वकील सांगतीलच. वाघोलीसाठी स्वतंत्रपणे विचारावे असे दोन प्रश्न आहेत. पहिला, फाटकासमोरचा रस्ता प्रत्यक्षात कोणाच्या मालकीचा आहे. नकाशात रुंद दिसणारा रस्ता अनेकदा कोणाच्या तरी खासगी जमिनीतून जातो आणि ती ताब्यात आलेली नसते. आमच्या माहितीपत्रकातील रुंद रस्ता सहा वर्षांनंतरही मध्येच एका गोठ्यापाशी अरुंद होतो. दुसरा, पाणी पुरवण्याचे हमीपत्र कोणी दिले आहे आणि सोसायटीकडे ताबा आल्यावर टँकरचा खर्च कोण करणार. या प्रश्नाला विक्री कार्यालयात हसून उत्तर मिळाले, तर ते उत्तर लेखी मागावे. आमच्या विकासकाने तोंडी दिलेली उत्तरे इतकी समाधानकारक होती की ती लिहून घ्यायचे आम्ही विसरलो.

घर पाहायला रविवारी जाऊ नये. जुलैतील एखाद्या कामाच्या दिवशी, आपल्या कार्यालयाच्या वेळेला, स्वतःची गाडी न घेता जावे आणि संध्याकाळी साडेसहाला तसेच परतावे. सोबत घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला न्यावे आणि फाटकापासून औषधाच्या दुकानापर्यंत तिच्यासोबत चालून पाहावे. याहूनही चांगला मार्ग म्हणजे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर तेथेच भाड्याने राहावे. वाघोलीत भाड्याची घरे मुबलक आहेत, आणि भाड्याचे ते पैसे वाया गेले असे निदान मी तरी म्हणणार नाही.

खराडीच्या आयटी पार्कमध्ये किंवा रांजणगावच्या बाजूला नोकरी असलेल्या, दोघेही गाडी चालवणाऱ्या आणि मुले लहान असलेल्या कुटुंबाला वाघोली मी नि:संकोचपणे सुचवीन. माझ्या पतींचे सात किलोमीटरचे जाणे-येणे पाहता त्यांच्यासाठी हा सौदा उत्तम ठरला आहे. नोकरी शिवाजीनगर, बाणेर किंवा हिंजवडीला असेल, तर त्याच पैशांत शहरात जवळ, लिफ्ट असलेली जुनी आणि लहान सदनिका शोधावी, एक खोली कमी पडली तरी चालेल. आईवडील सोबत राहणार असतील, तर मेट्रोच्या नियोजित स्थानकाजवळचे घर सोडून दुसरे काही घेऊ नये. तारे द्यायचेच झाले, तर घराला साडेचार, परिसराला अडीच. मी स्वतः आज हेच घर पुन्हा घेतले असते का, असे कोणी विचारले, तर त्या किमतीला नाही. आणखी पाच-सहा लाख कमी असते, तर विचार केला असता.

आम्ही मात्र अजून येथेच आहोत. दुसऱ्या गाडीचे कर्ज नुकतेच फिटले, मुलाची दहावी दोन वर्षांवर आली आहे, आणि तोपर्यंत घर बदलायचे नाही असे ठरले आहे. सासूबाई गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी आठ दिवस म्हणून नारायण पेठेत गेल्या. त्यांच्या खोलीतली रिकामी पलंगपेटी मी अजून हलवलेली नाही. दर रविवारी आम्हीच त्यांना भेटायला जातो, सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना.